कॅनन आर७ आणि उडते पक्षी: पक्षी झटकन सापडतो, पण धरून ठेवायला मदत लागते

कॅननचा ईओएस आर७ मे २०२२ मध्ये जाहीर झाला. ३२.५ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), १.६ पट क्रॉप, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम, इलेक्ट्रॉनिक शटरवर ३०, आणि बॅटरी-कार्डासकट वजन ६१२ ग्रॅम. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी हा कॅमेरा उत्तम आहे, त्यात वाद नाही. इथे प्रश्न फक्त उडत्या पक्ष्याचा आहे. सोबत लेन्स धरली आहे आरएफ १००-५०० एफ/४.५-७.१, कारण या बॉडीवर बहुतेकांची नजर शेवटी तिथेच जाते.

निवाडा आधीच सांगतो. ऑटोफोकसला दोन वेगळी कामं करावी लागतात. एक, चौकटीत पक्षी कुठे आहे ते ओळखायचं. दोन, ओळखलेल्या पक्ष्याच्या अंतरावर प्रत्येक फ्रेमला भिंगं नेऊन ठेवायची. पहिल्या कामात आर७ अतिशय तरबेज आहे. दुसऱ्यात तो मधल्या फळीतला आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये निळा चौकोन डोळ्यावर बसलेला दिसतो, आणि घरी येऊन पाहावं तर वीस फ्रेमपैकी मधल्याच काही किंचित मऊ, म्हणजे थोड्या अस्पष्ट. हा अनुभव आर७ वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. त्यावर काय करायचं, हा या लेखाचा गाभा आहे.

उडता पक्षी एवढा अवघड का

आकडे मांडले की अडचण लगेच कळते. ५०० मिलिमीटरला, ३० मीटर अंतरावर, आर७च्या चौकटीत जेमतेम १.३ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच एवढाच भाग मावतो. नदी सुरयाचे पंख साधारण ८०-८५ सेंटीमीटर पसरतात, म्हणजे तो कसाबसा बसतो. मीनखाई घारीचे पंख दीड मीटरच्या घरात, म्हणजे ३० मीटरवर ती आडवी आली तर मावतच नाही. पक्षी चौकटीत ठेवणं हेच निम्मं काम, आणि ते ऑटोफोकस करत नाही, हात करतात.

आता खोली. तेच ५०० मिलिमीटर, एफ/७.१ आणि ३० मीटर धरले, तर नेहमीच्या मापाने एकूण एक मीटरभर भाग स्पष्ट येतो. पण ३२.५ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के मोठा करून पाहायचा असेल, तर तीच पट्टी ३०-३५ सेंटीमीटरवर येते. समोरून ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने येणारा पक्षी १५ फ्रेमच्या वेगात दोन फ्रेमच्या मध्ये ६७ सेंटीमीटर पुढे सरकतो. दर फ्रेमला तो स्पष्टतेच्या पट्टीतून पूर्ण बाहेर पडतो, आणि कॅमेऱ्याने पुढच्या जागेचा अंदाज बांधून भिंग आधीच तिथे नेलेलं असावं लागतं.

जवळ येताना हे आणखी बिकट होतं. ६० मीटरवरून ३० वर येताना भिंगाला जेवढं सरकावं लागतं, त्याच्या दुप्पट ३० वरून १५ वर येताना सरकावं लागतं, आणि तेही अर्ध्या वेळात. म्हणजे मोटरला चौपट वेगाने पळायचं आहे. म्हणून आडव्या जाणाऱ्या पक्ष्याचे वीसच्या वीस फोटो स्पष्ट आणि समोरून येणाऱ्याचे शेवटचे पाच मऊ, हे चित्र कोणत्याही कॅमेऱ्यात दिसतं. आर७मध्ये ते थोडं लवकर सुरू होतं, इतकंच.

ओळखण्याचं काम

‘सब्जेक्ट टू डिटेक्ट’मध्ये ‘अॅनिमल्स’ निवडलं की कुत्रा, मांजर आणि पक्षी तिन्ही आले. पक्ष्यांसाठी वेगळी निवड आर७मध्ये नाही. सोनी ए६७०० आणि निकॉन झेड५०-टूमध्ये ती आहे. व्यवहारात याने फारसं अडत नाही. मोकळ्या आकाशातली घार, चित्रबलाक, बगळा चौकटीच्या दहाव्या हिश्शाएवढा असला तरी कॅमेरा ओळखतो. आणखी जवळ आला की आधी डोकं, मग डोळा. निळा चौकोन पंखावरून डोळ्यावर सरकताना स्पष्ट दिसतो.

कुठे चुकतो तेही ठरलेलं आहे. पाणकावळा, कोतवाल यांसारख्या काळ्या पक्ष्यांचा डोळा पिसांत मिसळतो, त्यामुळे चौकोन पंखाच्या कडेवर किंवा खांद्यावर बसतो. पंख कॅमेऱ्याच्या बाजूचा असेल तर फोकस पुढे येतो आणि डोळा मऊ पडतो. इथे एफ/७.१ वरून एफ/९ वर जाणं, म्हणजे छिद्र लहान करणं, हाच उपाय. प्रकाश असेल तरच.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. आर७च्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलचे डावा-उजवा असे दोन भाग केलेले आहेत, आणि कॅमेरा या दोन भागांतल्या प्रतिमांमधला फरक मोजून अंतर काढतो. त्यामुळे उभ्या रेषा, उभ्या कडा त्याला नीट वाचता येतात. अगदी आडव्या रेषेत मात्र त्याला तुलनेला काही मिळत नाही. पंख सपाट ताणून, न हलवता समोरून तरंगत येणारी घार म्हणजे आकाशावरची एक आडवी रेघच. कॅमेरा अडखळतो तो इथे. अशा वेळी कॅमेरा थोडा तिरका केला, अगदी दहा-पंधरा अंश, तर फोकस पटकन बसतो. क्षितिज नंतर सरळ करता येतं. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना वाचणारी रचना कॅननने २०२४च्या ईओएस आर१मध्ये आणली. आर७च्या वर्गात ती नाही.

तिसरी चूक सगळ्यात जास्त फोटो घालवते: मागे झाडी, पाणकणीस किंवा माळावरचं वाळलेलं गवत. पक्षी दूर आणि लहान असेल तर ओळखण्याआधीच फोकस गवतावर जाऊन बसतो. एकदा भिंग मागे गेलं की पुढचा पक्षी कॅमेऱ्याला एक धूसर डाग म्हणून दिसतो, आणि धूसर डागाला तो पक्षी म्हणून ओळखू शकत नाही. तिथे कितीही वेळ बटण दाबून धरलं तरी उपयोग नसतो.

धरून ठेवण्याचं काम

आर७वर ज्याची तक्रार सगळ्यात जास्त होते ती गोष्ट ही: पक्षी आडवा, अंतर जवळपास तेच, चौकोन डोळ्यावर, तरी सलग फ्रेममध्ये फोकस पुढे-मागे लहरतो. दोन स्पष्ट, एक मऊ, तीन स्पष्ट, दोन मऊ. मऊ म्हणजे पूर्ण चुकलेला नव्हे. पूर्ण पडद्यावर बरा दिसतो, मोठा केला की पिसांच्या रेषा गेलेल्या असतात. ३.२ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ही लहर उघडी पडते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर तेवढीच लहर नजरेतून सुटली असती.

ही लहर पूर्ण घालवणारं सेटिंग नाही, हे आधी मान्य करावं. कमी करता येते. बॉडी आणि लेन्स दोन्हींचं फर्मवेअर ताजं ठेवणं ही पहिली पायरी. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याला कमी निर्णय घ्यायला लावणं, आणि ती पुढच्या भागात आहे. तिसरी म्हणजे शूटिंगची सवय. बटण दाबून चार सेकंदांचा एकच लांब बर्स्ट (सलग फोटोंची माळ) घेण्यापेक्षा, फोकस सतत चालू ठेवून दहा-दहा फ्रेमचे तुकडे घेतले तर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला फोकस पुन्हा नीट जुळलेला असतो. तुकड्यांमधल्या अर्ध्या सेकंदात कॅमेरा पक्ष्याकडे अखंड पाहत असतो, शटरचा अडथळा नसतो.

सेटिंग, क्रमाने

मोड एम (मॅन्युअल), आयएसओ ऑटो, शटर मोठ्या पक्ष्यांना १/२०००, लहानांना १/३२०० किंवा १/४०००, छिद्र पूर्ण उघडं. ड्राइव्ह ‘हाय स्पीड प्लस’. शटर मोड ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’: वेग तोच १५ फ्रेमचा, आणि पहिला पडदा यांत्रिक नसल्याने झटका कमी.

एएफ (ऑटोफोकस) ऑपरेशन सर्व्हो, म्हणजे सतत जुळत राहणारा फोकस. ओळख ‘अॅनिमल्स’, आय डिटेक्शन चालू. ‘स्विचिंग ट्रॅक्ड सब्जेक्ट्स’ला ‘इनिशियल प्रायॉरिटी’, नाहीतर थव्यात चौकोन या पक्ष्यावरून त्या पक्ष्यावर उड्या मारतो. ‘लेन्स ड्राइव्ह व्हेन एएफ इम्पॉसिबल’ बंद. हे चालू राहिलं तर फोकस सुटल्यावर लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते आणि पक्षी तेवढ्यात निघून जातो. बंद ठेवल्याची किंमत अशी की भिंग फार दूरच्या जागी अडकलं असेल तर ते स्वतःहून परत येत नाही. त्यासाठी पक्षी येण्याआधी साधारण त्याच अंतरावरच्या एखाद्या दगडावर, खांबावर, होडीवर फोकस लावून ठेवायचा. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

एएफ एरिया. अनेकजण ‘होल एरिया’ (पूर्ण चौकट) लावून मोकळे होतात. आकाशातल्या एकट्या पक्ष्याला ते पुरतं. पण मागे काहीही असेल तर ‘फ्लेक्सिबल झोन एएफ १’ घ्या आणि त्याचा आकार स्वतः ठरवा: चौकटीच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा, मधोमध. ‘होल एरिया ट्रॅकिंग सर्व्हो’ चालू ठेवा. मग काम असं चालतं: पक्षी झोनमध्ये आणून एएफ-ऑन (अंगठ्याखालचं फोकसचं बटण) दाबायचं, सुरुवात झोनमधून होते, एकदा ओळख पटली की चौकोन पक्ष्यामागे चौकटभर फिरतो. गवत किंवा पाण्यावरच्या पक्ष्यासाठी हे ट्रॅकिंग एका बटणावर चालू-बंद ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण कधीकधी ओळखच चुकीच्या गोष्टीला चिकटते आणि ती तोडण्यासाठी निव्वळ झोनवर यावं लागतं. तारांकित बटणाला ‘आय डिटेक्शन एएफ’ द्या. अंगठा एएफ-ऑनवर पक्षी पकडतो, जवळ आला की शेजारच्या बटणावर सरकतो.

केसेस, म्हणजे फोकसने पक्ष्यामागे कसं लागायचं याचे तयार पर्याय. ‘ऑटो’ वाईट नाही, पण कधी चिकट, कधी उतावीळ असा वागतो आणि त्याचा अंदाज बांधता येत नाही. ‘केस २’ घ्या, ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी -१ वर. मध्ये फांदी, दुसरा पक्षी किंवा गवताचं पातं आलं तरी फोकस लगेच तिकडे जात नाही. समोरून येणाऱ्या किंवा अचानक वळणाऱ्या पक्ष्यांसाठी ‘अॅक्सिलरेशन-डिसिलरेशन’ +१. त्याहून वर नेलं तर आडव्या पक्ष्यावरची लहर वाढते. हीच अदलाबदल आर७ला सगळ्यात जास्त भोवते, म्हणून दोन्ही प्रकार सी१ आणि सी२ मध्ये (स्वतःची सेटिंग साठवायचे मोड) वेगळे साठवून ठेवणं शहाणपणाचं. सी१: आडवा, शांत उड्डाणाचा पक्षी. सी२: समोरून येणारा किंवा सूर मारणारा.

लेन्सवर फोकस लिमिटर ‘३ मीटर ते अनंत’, स्टॅबिलायझर मोड २. पुढे यूव्ही फिल्टर असेल तर काढून टाका. लांब टेलीवर स्वस्त फिल्टर फोकस आणि स्पष्टता दोन्ही खातो. हूड मात्र कायम.

आणि फोकस मागे गेला की थांबू नका, बटण सोडून पुन्हा दाबा, पक्षी झोनमध्ये ठेवून. अर्ध्या सेकंदात दोनदा. धरून ठेवलेलं बटण चुकीचा फोकस जपत बसतं.

पाणी, माळ, थवा

भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर होडीतून उडते कुरव, सुरय टिपताना पार्श्वभूमी म्हणजे चमचमतं पाणी. लाटांच्या टोकांवरचं ऊन फोकसला ओढून घेतं. होडीत शक्य तितकं खाली बसा. डोळ्याच्या पातळीतून पाहिलं की पाणी दूर जातं, पार्श्वभूमी धूसर होते आणि ओळख सोपी होते. नाव चालू असताना एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘अॅनिमल्स’वर कॅमेरा माणसालाही ओळखतो, फक्त प्राणी-पक्ष्याला प्राधान्य देतो. त्यामुळे चौकटीत नावाडी आला आणि पक्षी लहान असला, तर चौकोन नावाड्याच्या चेहऱ्यावर बसू शकतो. शेव-गाठी फेकून कुरवांचा थवा भोवती गोळा करण्याची रीत सरसकट झाली आहे. त्यात फोटो सोपे येतात, पक्ष्यांची खाण्याची सवय बिघडते. रोहित (फ्लेमिंगो) उडावेत म्हणून होडी थव्यात घालणं तर त्याहून वाईट. दूर थांबलं तर ते आपले आपण उडतात. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतो, हे ठाऊक असलं की होडी कुठे उभी करायची ते नावाड्याला आधीच सांगता येतं.

थव्यात एक फोकस पुरत नाही. रोहितांची आडवी रांग असेल तर कॅमेऱ्याच्या समांतर असलेल्या क्षणाची वाट पाहा, एफ/९ किंवा एफ/११ करा, आणि पुढच्या पक्ष्यावर झोन ठेवा. ट्रॅकिंगवर विसंबलात तर चौकोन मधल्याच कुणावर तरी जाईल.

कडबनवाडीसारख्या माळरानावर हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या अगदी वरून, दोन-तीन मीटर उंचीवर तरंगत जातो. आर७ला हा सगळ्यात कठीण प्रसंग. तपकिरी पक्षी, तपकिरी गवत, मागे भरपूर बारीक रेषा. इथे होल एरिया लावलं तर पहिला फोकस बहुधा गवतालाच लागेल. झोन आणखी लहान करा, आणि भोवत्या गवताच्या रेषेवर येण्याआधी, आकाशावर असतानाच पकडा. एकदा आकाशात पकडला की ‘केस २’ त्याला गवतावरसुद्धा बराच वेळ सोडत नाही. उलट क्रमाने, गवतात पकडून आकाशात न्यायचा, हे क्वचित जमतं.

वेडा राघू आणि भिंगरी यांच्याबद्दल खरं सांगायचं तर आर७ कुंपणावर आहे. ओळखतो, पण हे पक्षी दोन-तीन फ्रेममध्ये दिशा बदलतात. वेडा राघू त्याच फांदीवर परत येतो, म्हणून फांदीच्या थोडं बाजूला आधी फोकस लावून थांबणं फलदायी. भिंगरीच्या मागे धावण्यात कार्ड भरतं. पाण्याच्या ज्या ठिकाणी ती पुन्हा पुन्हा खाली येते तिथे अंतर बांधून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक शटर: वेग आहे, पण वाकतो

३० फ्रेमचा मोह टाळा, निदान पंख फडफडवणाऱ्या पक्ष्यासाठी. या सेन्सरला पूर्ण चौकट वरपासून खालपर्यंत वाचायला तीसएक मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा फटके मारणारा पक्षी धरला तर तेवढ्यात पंखाचा एक तृतीयांश फेरा होऊन जातो. परिणामी पंख वाकडे, कधी एक लांब एक आखूड, आणि कॅमेरा फिरत असेल तर मागची झाडं तिरपी. शटर १/४००० ठेवलं तरी हे जात नाही, कारण प्रत्येक ओळ स्पष्ट असते, फक्त वेगवेगळ्या क्षणांची. तरंगणाऱ्या घारीसाठी, चित्रबलाकासाठी, उंच गिधाडासाठी चालतं. मेकॅनिकल शटर मोठ्याने खटखटतं, लपणीत बसून काम करणाऱ्यांना ते खटकेल. तिथे इलेक्ट्रॉनिकची शांतता उपयोगी, उड्डाणाला नव्हे.

‘रॉ बर्स्ट’ हा प्रकार याच शटरवर चालतो. बटण पूर्ण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीपासूनच्या फ्रेम साठतात, ३०च्या वेगाने, पूर्ण आकारात. खंड्या फांदीवरून झेपावतो तो क्षण माणसाच्या बोटाला सापडत नाही, याला सापडतो. पंख वाकायचा धोका तोच, पण पहिल्या उडीत पंख पुरते उघडायच्या आतल्या फ्रेम चांगल्या मिळतात. सगळ्या फ्रेम एकाच फायलीत येतात, त्या कॅमेऱ्यात किंवा कॅननच्या डीपीपी या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या काढाव्या लागतात. वेळखाऊ आहे.

बफरचं (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) थोडक्यात: १५ फ्रेमवर साधी रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) सुमारे ५० फ्रेम, म्हणजे तीन सेकंदांहून थोडं जास्त. सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ) लावा. गुणवत्तेतला फरक पक्ष्यांच्या फोटोत दिसत नाही आणि बफर कितीतरी लांबतो. कार्ड यूएचएस-टू (जास्त वेगाचं) हवंच.

दोष ऑटोफोकसचा की दुसऱ्याचा

फोटो मऊ आला की दोष ऑटोफोकसला जातो. पण आधी तपासा. डीपीपीमध्ये फोटो उघडून एएफ पॉइंट दाखवायला सांगा, मग शंभर टक्के मोठा करा.

मऊपणा एकाच दिशेने पसरलेला असेल, म्हणजे डोळ्यातला चमकीचा ठिपका ठिपका न राहता छोटी रेघ झाला असेल, तर तो हलण्याचा दोष. ३० मीटरवरून सेकंदाला १० मीटरने आडवा जाणारा पक्षी, कॅमेरा स्थिर ठेवला तर, १/२००० सेकंदात सेन्सरवर सुमारे २६ पिक्सेल सरकतो. पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं, बरोबर जमलं तर शरीर थांबतं, पंखांची टोकं तरीही नाहीत.

कडा दुहेरी, पाण्यातून पाहिल्यासारख्या, आणि एका फ्रेममध्ये डोकं बरं तर दुसऱ्यात शेपूट, असं असेल तर ती तापलेल्या हवेची थरथर. भिगवणला हिवाळ्यातही सकाळी दहानंतर ५०-६० मीटरवर ती सुरू होते, माळरानावर त्याहून आधी. ती कॅमेऱ्याच्या मोजणीतसुद्धा घुसते, म्हणून फोकसही लहरतो. याला कुठलंही सेटिंग नाही. जवळ जाणं किंवा सूर्योदयानंतरचे दोन तास, एवढंच.

मागचं गवत किंवा पाण्याची एखादी रेघ कडक स्पष्ट आणि पक्षी मऊ, तर पकडण्यातच चूक झाली. झोन आणि आधीचा फोकस पाहा. मागे काहीच स्पष्ट नाही, चौकोन डोळ्यावर, मऊपणा सगळीकडे सारखा, आणि आजूबाजूच्या फ्रेम स्पष्ट: हीच ती आर७ची लहर. एका सकाळचे फोटो असे चार ढिगांत वाटून पाहिले की कळतं, लहरीचा ढीग वाटला होता तितका मोठा नसतो.

लेन्स

१००-५००मध्ये दोन नॅनो यूएसएम मोटर आहेत आणि या बॉडीचा फोकस त्यांवर सगळ्यात शांत चालतो. ट्रायपॉड कॉलर काढून १३७० ग्रॅम, दिवसभर हातात धरता येते. जाहीर झाली तेव्हा अमेरिकेत किंमत २,६९९ डॉलर होती, आणि आर७ बॉडीची १,४९९. बजेट आखताना हे प्रमाण धरूनच आखा. आरएफ १००-४०० एफ/५.६-८ फक्त ६३५ ग्रॅमची, भरपूर उन्हात फोकसचा वेग समाधानकारक, पण एफ/८ मुळे सकाळ-संध्याकाळी आयएसओ चढतो आणि फोकस चाचपडतो. शिकणाऱ्याने हीच घ्यावी, बिनधास्त. अॅडॉप्टरवर कॅननच्या स्वतःच्या ईएफ (जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीच्या) लेन्स नीट चालतात. दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या ईएफ माउंटच्या १५०-६०० झूम मात्र घेण्याआधी उडत्या पक्ष्यावर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मिररलेस बॉडीवर त्यांचा फोकस धडधडतो, आणि आर७ची स्वतःची लहर त्यात मिसळली की काहीच हाती लागत नाही.

कुणासाठी

पाण्यावरचे मोठे पक्षी, शिकारी पक्षी, बगळे, बदकं यांवर भर असेल आणि पोच (दूरचा पक्षी मोठा दिसणं) महत्त्वाची असेल, तर याच किमतीत एवढे पिक्सेल आणि एवढी चांगली ओळख देणारं फारसं काही नाही. भिंगरी, पाकोळी, वेडा राघू हेच वेड असेल तर आर६ मार्क टू पाहा: २४ मेगापिक्सेल, सेन्सर वाचायला जवळपास निम्मा वेळ, फोकस जास्त स्थिर. पोच मात्र कमी होते. फुजी एक्स-एच२एसचा सेन्सर स्टॅक्ड (झपाट्याने वाचला जाणारा) आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरवर पंख जवळजवळ वाकत नाहीत. बॉडीसह लेन्सचा सगळा संच बदलायचा असेल तरच तो विचार करा.

वापरलेला आर७ घेणार असाल तर दुकानात बसलेल्या वस्तूवर फोकस लावून काही कळत नाही. स्वतःचं कार्ड न्या, दुकानदाराला सांगून रस्त्यावर या आणि घार किंवा पारवा शोधा. शहरात दोन्ही मिळतातच. आकाशावर आडव्या जाणाऱ्या घारीचे दहा-दहा फ्रेमचे पाच तुकडे घ्या, १/३२०० वर, झोन लावून. मग इमारतीच्या किंवा झाडाच्या पुढून उडणाऱ्या पारव्याचे पाच तुकडे. घरी येऊन वर सांगितल्याप्रमाणे चार ढीग करा. आकाशातल्या घारीच्या दर तुकड्यात मऊ फ्रेम अर्ध्याहून जास्त निघाल्या आणि त्या हलण्याच्या किंवा थरथरीच्या नसतील, तर आधी लेन्स बदलून हीच चाचणी पुन्हा करा. दोष बॉडीत आहे की लेन्समध्ये, ते दुसऱ्या फेरीत कळेल.